धडधड थांबायलाच हवी का?

‘सरावात सगळं उत्तम होतं, पण सामन्यात काय होतं तेच कळत नाही,’ हे वाक्य खेळाडूंची समुपदेशक म्हणून गेल्या अठरा वर्षांत मी इतक्या वेळा ऐकले आहे की समोरच्या व्यक्तीने ‘सरावात’ हा शब्द उच्चारताच पुढचे सारे माझ्या ध्यानात येते. सांगलीसारख्या खेळाच्या गावात ते खो-खोपटूंकडून येते, कबड्डीपटूंकडून येते, मल्लखांबावरच्या लहान मुलांच्या आयांकडून तर नेहमीच येते. अलीकडे त्याच्या जोडीला आणखी एक चिंता वारंवार ऐकू येऊ लागली आहे. महाविद्यालयात मानसशास्त्र विषय घेतलेली मुले-मुली येऊन म्हणतात, ‘मी मानसशास्त्र शिकते, तरीही माझंच मन मला आवरत नाही. मग माझ्यात काहीतरी मोठा दोष असला पाहिजे.’ या दोन्ही चिंता एकाच मुलीच्या रूपाने माझ्यासमोर आल्या, म्हणून तिच्या संमतीने हा अनुभव लिहीत आहे. तिचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि पाच महिन्यांतल्या अकरा भेटी इथे थोडक्यात मांडल्या आहेत.

खो-खो खेळणारी ऋतुजा कला शाखेच्या पहिल्या वर्षाला होती. सामान्य मानसशास्त्र हा विषय तिने मुद्दाम घेतला होता, कारण तिच्या प्रशिक्षकांनी एका पराभवानंतर तिला सांगितले होते, ‘तुझे पाय चांगले आहेत, मन कच्चं आहे.’ संरक्षणात ती तरबेज होती. रोजच्या सरावात ती सहज तीन-साडेतीन मिनिटे नाबाद राहत असे, आणि खो-खो जाणणाऱ्याला हा वेळ किती मोठा आहे ते वेगळे सांगायला नको. मात्र स्पर्धेत, पहिली तुकडी बाद होऊन तिच्या तुकडीला मैदानात उतरावे लागले की ती चाळीस-पन्नास सेकंदांत परत येई. तिचे वडील पहिल्या भेटीला बरोबर आले होते. ‘मॅडम, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी लागली तर पोरीचं आयुष्य मार्गी लागेल. तेवढी तिची भीती घालवा,’ असे ते हात जोडून म्हणाले. मला त्यांचा राग आला नाही. ज्या घरात नोकरी ही चैन नसून गरज असते, तिथे सामन्याला केवळ सामना मानणे सोपे नसते.

ऋतुजाने पिशवीतून वही काढली. तिने चिंताविकृतींच्या प्रकरणातली लक्षणे उतरवून प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली होती. छातीत धडधड, तळहातांना घाम, तोंडाला कोरड, पोटात गोळा. पुढच्या पानावर तिने उलट्या ‘यू’ आकाराची आकृती काढली होती. उत्तेजन वाढले की कामगिरी आधी सुधारते आणि एका मर्यादेनंतर घसरते, हे दाखवणारी ही आकृती मानसशास्त्राच्या बहुतेक प्रास्ताविक पुस्तकांत असते. त्या वक्रावर उजव्या टोकाला तिने लाल शाईने टिंब दिले होते. ‘मी इथे आहे मॅडम. मला मध्यावर आणायचं कसं, एवढंच सांगा.’

कोणतेही प्रास्ताविक पुस्तक मन लावून वाचणाऱ्या विद्यार्थ्याला निम्मे आजार स्वतःतच दिसू लागतात. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचेही तसेच होते. त्यात दोष नसतो, उलट वाचलेले स्वतःशी ताडून पाहण्याची सवय चांगलीच आहे. फक्त लक्षणांची यादी आणि निदान यांत जे अंतर आहे ते भरायला प्रशिक्षित माणूस लागतो. मी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवले. धडधडीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला, विशेषतः मुलींना, मी हृदयाची आणि रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी केल्याशिवाय मनाच्या गोष्टी सांगत नाही. धावताना चक्कर येत असेल, छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर समुपदेशकाची पायरी नंतरची, हे पालकांनी पक्के लक्षात ठेवावे. ऋतुजाच्या तपासण्या व्यवस्थित आल्या. झोप, भूक, अभ्यास, मैत्रिणी हे सगळे सुरळीत होते आणि तिची धडधड सामन्यापुरतीच होती.

दुसऱ्या भेटीत आम्ही तिच्या वक्राकडे वळलो. ज्या प्रयोगातून ही कल्पना पुढे आली तो यर्क्स आणि डॉडसन यांनी 1908 मध्ये उंदरांवर केला होता, हे तिच्या पुस्तकात एका ओळीत होते, पण ती ओळ तिने वाचून सोडून दिली होती. दोन पेटींतला फरक ओळखायला शिकणाऱ्या उंदरांना चूक झाल्यावर विजेचा धक्का दिला जात होता, आणि काम अवघड असताना मध्यम धक्क्याने शिकणे लवकर होत होते. हा वक्र खेळाडूंच्या मनापर्यंत नंतर ताणला गेला. मी तिला म्हटले, ‘ही आकृती सर्वसाधारण कल देते. तुझ्या मैदानावर तू कुठे आहेस, हे या कागदावर सापडणार नाही.’ ती थोडी नाराज झाली. विद्यार्थ्याला आकृतीचा आधार वाटतो आणि तो काढून घेणे मलाही आवडत नाही. तरीही आकृती जिथे माणसाच्या जागी बसते, तिथे ती बाजूला ठेवावीच लागते.

खरे वळण चौथ्या भेटीत आले आणि ते मी ठरवून आणले नव्हते. मी तिला विचारले, ‘गेल्या आठवड्यात सरावात सर्वांत जास्त वेळ कधी टिकलीस?’

‘शुक्रवारी. तीन मिनिटं चाळीस सेकंद.’

‘त्या वेळी धडधड किती होती?’

ती हसली. ‘मॅडम, पळत होते ना मी! असणारच.’

‘किती?’

‘काय माहीत. तिकडे लक्षच नव्हतं.’

‘मग लक्ष कुठे होतं?’

‘जी मागे होती तिच्या खांद्याकडे. खांदा कुठे वळतो ते बघितलं की कळतं ती कुठल्या खांबाकडे जाणार.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायचे असते, आणि हे शिकायला मला बरीच वर्षे लागली. ती वहीच्या कडेशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘म्हणजे धडधड दोन्हीकडे असते. सामन्यात मी ती मोजत बसते.’

खो-खो खेळलेल्यांना तिच्या उत्तराचे मोल लगेच कळेल. आक्रमक खेळाडूने एकदा दिशा घेतली की तिला माघारी फिरता येत नाही आणि ती दिशा तिच्या खांद्यांच्या वळणावरून ठरते. संरक्षक मात्र बसलेल्या खेळाडूंमधून हवे तसे आरपार जाऊ शकते. त्यामुळे खांदा वाचणे हीच संरक्षणाची निम्मी विद्या आहे. सरावात ऋतुजाचे डोळे खांद्यावर असत. सामन्यात ते आत वळत आणि छातीवर पहारा देत बसत. मानसशास्त्र शिकू लागल्यापासून हा पहारा अधिक कडक झाला होता, कारण आता तिच्याकडे तपासायला यादी होती. ‘खो’ ऐकून वळायला तिला जो क्षणभर उशीर होत होता, तो या पहाऱ्यात जात होता. दडपणाखाली माणसाचे लक्ष स्वतःकडे वळते आणि सवयीने सहज होणारी कृती त्यामुळे विस्कटते, असे मानसशास्त्रज्ञ बाउमायस्टर यांनी 1984 मध्ये मांडले होते. माझ्यासमोरच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने तेच स्वतःच्या अनुभवातून शोधून काढले, याचा मला मनापासून आनंद झाला.

त्या दिवशी मी तिला कोलमन ग्रिफिथ यांची गोष्ट सांगितली. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात 1925 मध्ये त्यांनी खेळाडूंच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली. त्याच्या आदल्या वर्षी रेड ग्रेंज हा फुटबॉलपटू मिशिगनविरुद्ध अफाट खेळला होता. ग्रिफिथ यांनी सामन्यानंतर त्याच्याशी बोलून पाहिले, तेव्हा त्याला आपल्या खेळाचे तपशील आठवत नव्हते. ऋतुजाचे ‘लक्षच नव्हतं’ हे उत्तर त्याच जातीचे होते.

मात्र एवढ्यावर काम संपले नाही. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ती मांडली आणि महाराष्ट्रात तिची परंपरा चांगली रुजली आहे. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपण स्वतःला सांगितलेले एक वाक्य असते, हे या पद्धतीचे सार आहे. मला ऋतुजाचे ते वाक्य हवे होते. मैदानात उतरताना स्वतःला काय सांगतेस, असे मी विचारले, तेव्हा तिने लिहून दिले, ‘मी शांतच असायला हवं. आज टिकायलाच हवं. निवड व्हायलाच हवी.’

तिन्ही वाक्यांतल्या ‘च’भोवती मी पेन्सिलीने गोल केला. मराठीचा हा छोटासा ‘च’ मला माझ्या कामात फार उपयोगी पडला आहे. ‘टिकायला हवं’ ही इच्छा असते आणि ती कितीही तीव्र असली तरी माणूस तिच्यासह पळू शकतो. ‘टिकायलाच हवं’ म्हटले की तिचा हुकूम होतो, आणि हुकूम मोडला गेला की शिक्षा आलीच. ऋतुजाच्या बाबतीत ‘शांतच असायला हवं’ हा हुकूम सर्वांत घातक होता. कारण धडधड सुरू होताच तो मोडला जाई, आणि मग तिला धडधडीचीच भीती वाटू लागे.

ती मात्र अडून बसली. ‘निवडीवर नोकरी आहे मॅडम. तिथला ‘च’ खोटा कसा?’ हा प्रश्न रास्त होता. मी तिला सांगितले की निवड महत्त्वाची नाही असे मी कधीच म्हणणार नाही. ती हुकली तर वाईट वाटेल आणि वाटायलाच हवे. पण ती हुकली तर तू कुचकामी ठरशील, हे जे वाक्य ‘च’च्या मागून चोरपावलांनी येते, त्याला पुरावा काय? तिने उत्तर दिले नाही, पण पुढच्या भेटीला येताना ‘च’ वगळून तिन्ही वाक्ये लिहून आणली. त्यातले शांत राहण्याचे वाक्य तिने पूर्णच खोडले होते.

वाक्य बदलले म्हणून पाय बदलत नाहीत, आणि इथेच पुस्तकाची मर्यादा येते. नियमावली वाचून कोणी खांबावर सूर मारायला शिकत नाही. मनाचेही मैदानावरच शिकावे लागते. तिच्या परवानगीने मी प्रशिक्षकांशी बोलले तेव्हा ‘मन कच्चं’ या शब्दांनी काय केले, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आम्ही सरावात थोडा बदल केला. ऋतुजाने दोन मिनिटे दोरीवरच्या उड्या मारून छाती धडधडू द्यायची, मग बाजूला बसायचे आणि धडधड तशीच असताना मैदानात उतरायचे. आठवड्यातून दोनदा लहान गटातल्या मुलींना सभोवती बसवून आरडाओरडा करायला सांगायचा आणि टेबलावर वेळाधिकारी बसवायचा. खेळ थांबलेल्या वेळात श्वास लांब सोडायचा, मात्र तो शांत होण्यासाठी न सोडता डोळे वर उचलण्यासाठी सोडायचा. उतरताना मनात एकच शब्द ठेवायचा, ‘खांदा’. सराव संपल्यावर वहीत काय वाटले ते लिहायचे नाही, काय दिसले ते लिहायचे.

पालकांना एक विनंती इथेच करते, आणि आग्रहाने करते. सामन्याआधी मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणू नका. त्या शब्दांनी त्याचे लक्ष भीतीकडेच जाते आणि घाबरणे हा गुन्हा आहे असेही त्याला वाटते. सामना संपल्यावर निकालाआधी ‘आज काय काय पाहिलंस?’ असे विचारून बघा. ऋतुजाच्या वडिलांना हे फार जड गेले, तरी त्यांनी ते केले. आणि धडधड सामन्याबाहेरही पसरली, झोप-जेवण बिघडले, मूल मैदानच टाळू लागले किंवा जगण्याविषयी निराश बोलू लागले, तर वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांकडे जा.

पुढच्या स्पर्धेत ऋतुजा बावन्न सेकंदांत बाद झाली. मला वाईट वाटले, पण ती आली तेव्हा तिच्या बोलण्यात छातीचा उल्लेख नव्हता. समोरच्या संघाची एक मुलगी खांदा डावीकडे दाखवून उजवीकडचीला खो देते, ही हुलकावणी आपल्याला ओळखता आली नाही, असे ती सांगत होती. खेळाडूची तक्रार खेळाविषयी झाली, आणि मला तो त्या पाच महिन्यांतला सर्वांत चांगला दिवस वाटला. त्यानंतरच्या निवड चाचणीत ती पहिल्या डावात दोन मिनिटे वीस सेकंद टिकली आणि दुसऱ्या डावात एक मिनिट पाच सेकंद. संघात तिचे नाव आले, पण पहिल्या नऊ जणींत आले नाही. ‘हवं होतं मॅडम. ‘च’ नव्हता, तरी रात्री रडले,’ असे ती म्हणाली. मी म्हटले, ‘इतकी मेहनत केल्यावर रडू येणारच.’

शेवटच्या भेटीत आम्ही नॉर्मन ट्रिपलेट यांच्याविषयी बोललो. सायकलपटू एकटे असताना जितके वेगाने जातात त्याहून सोबत कोणी असताना अधिक वेगाने जातात, हे पाहून त्यांनी मुलांना मासेमारीची गरारी फिरवायला दिली, एकदा एकट्याने आणि एकदा दुसऱ्याच्या बरोबरीने. 1898 चा हा अभ्यास क्रीडा मानसशास्त्राचा आरंभ म्हणून शिकवला जातो आणि स्पर्धेने वेग वाढतो एवढेच त्यातून लक्षात ठेवले जाते. त्या चाळीस मुलांपैकी वीस जणांचा वेग वाढला होता. दहा जणांवर फारसा परिणाम झाला नाही आणि दहा जण स्पर्धेत उलट मंदावले होते. ऋतुजाने तो आकडा वहीत लिहून घेतला आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिली.

या वर्षी तिने क्रीडा व व्यायाम मानसशास्त्रावर छोटा प्रकल्प घेतला आहे. आपल्याच मैदानावरच्या सोळा लहान मुलींची धाव तिने एकदा एकटीने आणि एकदा सगळ्यांसमोर घेऊन वेळ मोजली. चार जणी सगळ्यांसमोर मंदावल्या. त्या चौघींची नावे तिने वहीत वेगळ्या पानावर लिहिली आहेत आणि सरावानंतर ती रोज त्यांच्याबरोबर अर्धा तास थांबते.