पर्सेंट, पर्सेंटेज आणि आपला टक्का

प्रश्न आला होता तो असा की आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या रायटिंगची तयारी करताना पाय चार्टवर (वर्तुळाचे तुकडे करून वाटे दाखवणारं चित्र) '३० पर्सेंटेज ऑफ पीपल' लिहिलं तर शिकवणाऱ्यांनी लाल रेघ मारली, मग पुढच्या वेळी 'द पर्सेंट ऑफ पीपल' लिहिलं तर तेही चूक म्हणाले, मग लिहायचं तरी काय? आणि 'अकाउंट फॉर' कसं वापरायचं?

मराठीत करून बघा, पटकन सुटतं. आपण '३० टक्के लोक' म्हणतो, '३० टक्केवारी लोक' असं कुणी म्हणतं का? नाही ना. पर्सेंट म्हणजे टक्के, त्याच्या आधी आकडा पाहिजेच. पर्सेंटेज म्हणजे टक्केवारी, तिच्या आधी आकडा येत नाही, 'द पर्सेंटेज ऑफ' चालतं किंवा लार्ज, स्मॉल, हायर असलं विशेषण चालतं. गोंधळ होतो कारण निकाल लागला की आपण सर्रास 'किती पर्सेंटेज पडले' विचारतो आणि समोरचा 'एटी पर्सेंटेज' सांगून मोकळा होतो, तीच सवय पेपरात उतरते. (टक्केवारीला मराठीत टेबलाखालचा जो अर्थ चिकटलाय तो इथे सोडून देऊ.)

पर्सेंट हे मूळ लॅटिन 'पर सेंटम', म्हणजे शंभरामागे, म्हणजेच आपलं शेकडा. व्याजाच्या गणितातलं द.सा.द.शे. आठवत असेल तर त्यातलं शेवटचं 'दर शेकडा' म्हणजे हेच.

पण मला विचाराल तर खरी गंमत एकवचनी 'टक्का'त आहे. 'मतदानाचा टक्का वाढला', 'महिलांचा टक्का घसरला' असं आपण म्हणतो तेव्हा हा टक्का म्हणजे पर्सेंट नाही, तो वाटा आहे, प्रमाण आहे, म्हणजे इंग्रजीतलं पर्सेंटेज किंवा प्रपोर्शन. आणि पाय चार्टमधली सगळ्यात महागात पडणारी चूक नेमकी इथेच होते. समजा दोन वर्षांचे दोन चार्ट दिलेत, पहिल्यात बसने जाणारे ३० टक्के, दुसऱ्यात २०. लगेच लिहून टाकतात 'द नंबर ऑफ बस पॅसेंजर्स डिक्रीज्ड'. अरे, पण नंबर कुठे दिलाय? पहिल्या वर्षी एकूण प्रवासी १००० असतील तर बसवाले ३००, आणि दुसऱ्या वर्षी एकूण २००० झाले असतील तर बसवाले ४००, म्हणजे माणसं वाढली आणि टक्का घसरला. एकूण आकडा दिलेला नसेल तर नंबर हा शब्द काढायचाच नाही, 'द प्रपोर्शन ऑफ' किंवा 'द शेअर ऑफ' लिहायचं, नाहीतर चित्रात नसलेली माहिती तुम्ही घरची घातली असं होतं आणि टास्क अचीव्हमेंटचे, म्हणजे दिलेलं काम नीट पार पाडल्याचे, मार्क जातात.

त्याच्याच जोडीची दुसरी भानगड. २० टक्क्यांचे ३० झाले, तर वाढ किती? आपण बिनधास्त '१० टक्क्यांनी वाढलं' म्हणतो, व्याजदरसुद्धा 'पाव टक्क्याने' वाढतो, मराठीत ते खपून जातं. इंग्रजीत मात्र ही वाढ १० पर्सेंटेज पॉइंट्सची, म्हणजे दोन टक्केवारींमधला सरळ फरक, आणि पर्सेंटमध्ये मोजली तर ५० पर्सेंट, कारण २०च्या निम्मे १०. परीक्षेत डोकं चालत नसेल तर सरळ 'रोझ फ्रॉम २० पर्सेंट टू ३० पर्सेंट' लिहा, त्यात कुणीच चूक काढू शकत नाही.

दर ओळीत पर्सेंट पर्सेंट नको असेल तर पाव, निम्मे, पाऊण आहेतच, २४ला 'जस्ट अंडर अ क्वार्टर', ५२ला 'जस्ट ओव्हर हाफ'. दीडशे शब्द किमान लिहायचे असतात, त्यात एवढा बदल पुरतो.

आणि 'अकाउंट फॉर' विचारलंच आहे तर, त्यातला 'फॉर' खाऊ नका, 'कोल अकाउंटेड ४० पर्सेंट' हे अर्धवट वाक्य आहे. 'अकाउंट फॉर' आणि 'मेक अप' (दोन्ही म्हणजे अमुक इतका वाटा असणे) यांचा कर्ता म्हणजे चार्टमधला एक तुकडा असतो, 'कन्सिस्ट ऑफ'चा (अमुक भागांनी बनलेलं असणे) कर्ता मात्र अख्खं वर्तुळ. कोळसा विजेचा ४० टक्के वाटा 'मेक अप' करतो, तो कशाचाही 'कन्सिस्ट' होत नाही.