अमेरिकेतल्या ग्रामीण काउंटींमध्ये कोविडची सरकारी मदत मोठ्या शेतांनाच जास्त का मिळाली?

कारण ती गरज बघून नाही, जनावरं, एकर आणि उत्पादन मोजून वाटली. तिथल्या कृषी खात्याच्या 'कोरोनाव्हायरस फूड असिस्टन्स प्रोग्रॅम'चे नियमच तसे होते. २०२०च्या दुसऱ्या टप्प्यात मांसासाठीच्या गुरामागे ५५ डॉलर, डुकरामागे २३ (पैदाशीची जनावरं वगळून). म्हणजे २० गुरंवाल्याला १,१०० डॉलर आणि २,००० वाल्याला १,१०,०००. अर्ज मात्र दोघांचाही काउंटीच्या त्याच फार्म सर्व्हिस एजन्सीच्या (कृषी खात्याच्याच एका शाखेच्या) कार्यालयात. अगदीच मोकळं रान नव्हतं, एका टप्प्यात माणशी कमाल अडीच लाख डॉलर. पण शेतात स्वतः राबणारे किंवा शेताचा कारभार स्वतः बघणारे तीन भागीदार दाखवता आले, तर कंपनीला साडेसात लाखांपर्यंत मिळू शकत होते.