"शब्दच आहेत, सोडून दे" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

तुम्ही लिहिलंय की दहावीच्या निकालाच्या दिवशी वडील पाहुण्यांसमोर "हिच्याकडून काही होणार नाही" असं म्हणाले, आता तुम्ही एकतीस वर्षांच्या आहात, चांगली नोकरी आहे, तरी प्रत्येक इंटरव्ह्यूच्या आधी तेच वाक्य कानात वाजतं, आणि नवरा म्हणतो शब्दच तर आहेत, सोडून दे. तुमचा प्रश्न आहे की शब्दांत खरंच एवढी ताकद असते का, आणि झालेलं भरून निघतं का.

मी दोन्ही बाजूंनी उत्तर देऊ शकते. माझ्या आईला एका शब्दाने आयुष्यभर दुखावलंय ते मी लहानपणापासून बघितलंय, आणि माझ्या स्वतःच्या मुलाला मीच एका वाक्याने दुखावलंय.

आईपासून सुरू करते. तिचं जन्माचं नाव नकुसा. सातारा जिल्ह्यातलं, पाटण तालुक्यातलं डोंगरातलं गाव. तिच्या आधी तीन मुली झाल्या होत्या, चौथी पण मुलगीच झाली म्हणून नाव ठेवलं नकुसा, म्हणजे नकोशी. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो अशी समजूत. आणि तिच्या पाठीवर खरंच मामा झाला. मग घरातले सगळे कौतुकाने म्हणायचे, पोरीच्या नावाला गुण आला. आई सांगते की लहानपणी तिला ह्याचा अभिमान वाटायचा, की माझ्यामुळे भाऊ आला. नावाचा अर्थ पोचायला तिला बरीच वर्षं लागली, आणि पोचला तेव्हा तो कुणी समजावून सांगितला नव्हता, विहिरीवर पाणी भरताना एका बाईने सहज विचारलं होतं, "तू नकोशी कितवी गं?"

लग्नात आमच्याकडे ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो. वडिलांनी मंगल लिहिलं. सासरी गावात ते नाव कुणी घेतलंच नाही, रेशनकार्डावर पण नकुसाच लागलं. पण वडील तेव्हा तुर्भ्याला कांदा-बटाटा मार्केटमधे माथाडीत होते, काही वर्षांनी त्यांनी आईला कोपरखैरण्याला आणलं, आणि पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना सांगितलं की ही मंगल. तिथून ती मंगलवहिनी, मग मंगलकाकी, आता नाक्यावरच्या भाजीवाल्याची मंगलमावशी. मी एकदा विचारलं होतं की तुला मुंबईला आल्यावर काय आवडलं, मला वाटलं नळाचं पाणी म्हणेल नाहीतर लाईट. ती म्हणाली, "हितं कुणाला माझं नाव ठावं नव्हतं."

(वडिलांचं पण एक सांगते, विषयाला धरूनच आहे. चौथीत फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता, मी हमाल लिहिलं. वडिलांनी रबर आणायला सांगितलं, खोडायला लावलं आणि लिहायला सांगितलं, माथाडी कामगार. गोणी तीच, पाठ तीच. पण अण्णासाहेब पाटलांनी युनियन बांधली, १९६९ साली माथाडी कायदा झाला, बोर्ड आलं, फंड आला, आणि त्या शब्दाबरोबर त्यांना मान वर करून चालता यायला लागलं. कायद्याच्या नावात हमाल हा शब्द पण आहे हे मला नंतर कळलं, पण वडील मार्केटमधे "ए हमाल" अशी हाक आली की मागे वळून बघायचेच नाहीत.)

२०११ च्या दिवाळीच्या तोंडावर, २२ ऑक्टोबरला, साताऱ्यात २८५ नकुसांची नावं बदलायचा कार्यक्रम झाला, तुम्हाला आठवत असेल कदाचित, सगळीकडे बातम्या होत्या. मुलींना नवीन नावांची सर्टिफिकेटं दिली. आई चकल्या पाडत होती, टीव्ही चालू होता, तिने सोऱ्या खाली ठेवला आणि बातमी संपेपर्यंत हललीच नाही. मी म्हटलं आपण पण कागदावर बदलूया ना. तर म्हणाली, "लई बरं झालं बग त्या पोरींचं. माझं काय आता." आणि परत सोऱ्या उचलला. त्यावर मी पुढे काही बोलले नाही, तेव्हा बोलायला हवं होतं असं आता वाटतं.

आता माझ्या मुलाबद्दल. तो साधारण चार वर्षांचा असताना अडखळायला लागला. पहिलं अक्षर तीन-चारदा यायचं, कधी शब्द घशातच अडकायचा आणि डोळे घट्ट मिटले जायचे. घरातल्यांनी वेखंड चोळा म्हणून सांगितलं, आपोआप जाईल म्हणून सांगितलं. मी काय केलं, तर दिवसभर त्याला सुधारत बसले. नीट बोल. हळू बोल. आधी विचार कर मग बोल. श्वास घे. मला खरंच वाटायचं की मी मदत करतेय.

तो सात वर्षांचा असताना मे महिन्यात ठाण्याला सासरी सगळे जमलो होतो, आमरसाचं जेवण होतं. तो ट्रान्स हार्बरच्या लोकलमधे बघितलेलं काहीतरी सांगत होता, खूप रंगात आला होता, आणि एका शब्दावर अडकला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मला ते बघणं सहन झालं नाही आणि मी म्हटलं, "बास, मी सांगते, तुझं संपेपर्यंत रात्र होईल." एक-दोघं हसले. गोष्ट मी पूर्ण केली, आणि चुकीची पूर्ण केली, कारण त्याला जे सांगायचं होतं ते मला माहीतच नव्हतं.

त्यानंतर त्याने बोलणं कमी केलं. कमी म्हणजे किती, तर पाणी हवं असेल तर माठाकडे बोट दाखवायचा. शाळेतून तक्रार आली की प्रश्न विचारला की "माहीत नाही" म्हणतो, आणि पेपरात तेच उत्तर बरोबर लिहिलेलं असायचं. "माहीत नाही" हे शब्द त्याला न अडखळता येत होते, म्हणून त्याने ते धरून ठेवले होते. हे आम्हाला स्पीच थेरपिस्टनी सांगितलं, मला दोन महिने कळलं नव्हतं.

त्या बाईंनी मला एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट केली, ती इथे लिहिते कारण खूप आया स्वतःला दोष देत असतात. आईवडिलांच्या बोलण्याने मूल तोतरं होत नाही. दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान साधारण शंभरातली पाच मुलं ह्यातून जातात, बहुतेकांचं आपोआप थांबतं, मोठेपणी शंभरात एखादाच राहतो, मुलग्यांमधे जास्त. त्यात आनुवंशिकता असते, मेंदू बोलणं कसं जुळवतो त्याचा भाग असतो. तर त्याचं अडखळणं माझ्यामुळे नव्हतं. त्याचं गप्प होणं मात्र माझ्यामुळे होतं, आणि हे त्या बोलल्या नाहीत तरी मला समजलं.

नंतर मी ह्यावर वाचायला लागले तेव्हा १९३९ सालचा एक प्रयोग वाचनात आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेत आयोवा राज्यात वेंडेल जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते, ते स्वतः तोतरे बोलायचे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर नावाच्या विद्यार्थिनीने एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. त्यातली सहा मुलं अशी होती की ज्यांचं बोलणं व्यवस्थित होतं, त्यांना मुद्दाम सांगितलं गेलं की तुम्ही तोतरं बोलायला लागलाय, लक्ष ठेवा, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका. काही महिनेच चाललं हे. ती मुलं काही तोतरी झाली नाहीत, पण ती बोलायला घाबरायला लागली, गप्प झाली, अभ्यासात मागे पडली, काहींना तर त्याचा त्रास म्हातारपणापर्यंत झाला. २००१ मधे हे सगळं उघडकीला आलं, विद्यापीठाने माफी मागितली, आणि २००७ मधे राज्याने त्यातल्या जे हयात होते त्यांना आणि काहींच्या वारसांना मिळून सव्वानऊ लाख डॉलर भरपाई दिली. कुणी हात लावला नव्हता त्या मुलांना, मारलं नव्हतं. तुमच्या मिस्टरांना "शब्दच तर आहेत" वाटतं ना, त्यांना हे वाचायला द्या.

आता भरून निघतं का ते. मी मुलाची माफी मागायची ठरवली. एका संध्याकाळी सागर विहारला खाडीकडे तोंड करून बसलो होतो, मी म्हटलं, मे महिन्यात मी तुला सगळ्यांसमोर काहीतरी बोलले होते, ते माझं चुकलं. मला वाटलं होतं त्याला नीटसं आठवत नसेल, कारण मला स्वतःलाच नेमके शब्द आठवत नव्हते. तो पाण्याकडे बघत होता. मग अडखळत पूर्ण वाक्य म्हणून दाखवलं. "तुझं संपेपर्यंत रात्र होईल." आणि म्हणाला, तेव्हा तू आंबा पिळत होतीस. कोण हसलं ते पण सांगितलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकट्यात मागितलेली माफी पुरत नाही. वाक्य मी दहा-बारा माणसांसमोर बोलले होते, आणि त्या दहा-बारा डोक्यांत ते अजून तसंच होतं. त्याच्या दृष्टीने तो त्या घरात "रात्र होईल" वालाच होता. म्हणून गणपतीत तीच सगळी माणसं तिथेच जमली तेव्हा जेवायला बसल्यावर मी बोलले. मोठं भाषण नाही केलं, एवढंच म्हटलं की मे महिन्यात मी ह्याला मधेच तोडलं होतं ते चुकीचं होतं, हा बोलतो तेव्हा त्याला वेळ लागतो आणि तो आपण सगळ्यांनी द्यायचाय. कुणी काही बोललं नाही. सासऱ्यांनी वाटी पुढे करून आमटी मागितली. लेकाचे कान लाल झाले होते, ताटातून वर बघितलं नाही त्याने. रात्री झोपताना विचारलं, सगळ्यांना का सांगितलंस. मी म्हटलं, सगळ्यांसमोर बोलले होते म्हणून. "हं" म्हणाला.

त्या माफीने लगेच काही बदललं नाही. बदललं ते रोजच्या रोज, आणि त्यात मोठा हात माझ्या आईचा. शाळेतून तो तिच्याकडे जायचा. ती लसूण सोलत बसायची नाहीतर तांदूळ निवडत, आणि तो अडकला की ती ना मधे बोलायची ना हातातलं काम थांबवायची, वर बघून त्याच्या तोंडाकडे शांत बघत राहायची, जसं काही त्याच्याकडे सगळा दिवस आहे. थेरपिस्टनी आम्हाला जे चार महिने शिकवलं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तुला कसं जमतं हे, तर म्हणाली, "त्याला वाटाय नगं की तो नगंय."

म्हणून तुम्हाला सांगते, वडील हयात असतील आणि तुमच्यात एवढं बोलणं होत असेल तर त्यांना ते वाक्य तारखेसकट सांगा. त्यांना आठवणार नाही, ह्याची तयारी ठेवा, बोलणाऱ्याला बहुतेक वेळा आठवत नाही आणि त्याचा वेगळा त्रास होतो. आणि माफी मागितली तर त्यांना म्हणा की ज्या काकांसमोर, ज्या आत्यांसमोर बोललात त्यांच्यासमोर पण माझ्याबद्दल आज जे खरं आहे ते बोला. तुम्हाला हे मागायला लाज वाटेल पण मागा. ते नाहीच जमलं तर घरात दुसरं कुणीतरी लागतं जे वेगळं काही तुमच्याबद्दल रोज म्हणेल, जसे माझे वडील चाळीस वर्षं मंगल म्हणत राहिले. तुमच्या मिस्टरांना "सोडून दे" ऐवजी हे करता येईल. इंटरव्ह्यूच्या सकाळी एक खरं वाक्य, नेमकं, तुमच्या कामाबद्दल. आणि झोप उडत असेल, सगळंच नकोसं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आईचं नाव कागदावर बदलणं शेवटी गेल्या वर्षी झालं. नातवानेच लावून धरलं. त्याने रेशनकार्ड बघितलं, अर्थ विचारला, आणि मग गप्पच बसेना. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आलं, ते घेऊन आम्ही तिघं आधार केंद्रावर गेलो. मागच्या वेळी अशाच एका केंद्रावर ऑपरेटरने "नकुसा कोण?" असं मोठ्याने ओरडून विचारलं होतं आणि रांगेतल्या दोघी हसल्या होत्या, त्यामुळे आई पदर घट्ट धरून उभी होती. ऑपरेटर विचारतो, नवीन नाव काय टाकायचं. सवयीने आईने माझ्याकडे बघितलं. आणि माझ्या बारा वर्षांच्या लेकाने बोलायला तोंड उघडलं आणि म वर अडकला. ओठ मिटलेले, आवाज बाहेर येईना. ऑपरेटरने समोरच्या कागदात वाचलं आणि म्हणाला, "मंगल ना?" आईने हात वर केला. "थांबा. सांगतोय तो."

ऑपरेटर थांबला. मागच्या रांगेने पण वाट बघितली. मग लेकाने सांगितलं, पूर्ण नाव, आडनावासकट.

कार्ड पोस्टाने आलं, आईने ते नाक्यावरून लॅमिनेट करून आणलं. जुनं फेकलेलं नाही, पाकिटात त्याच्या मागेच ठेवलंय. का ते मी विचारलं नाही.