'मार्टर्स' पहिल्याच रात्री नको

अरे, फ्रेंच हॉरर सिनेमे बघायला घेतोयस, तर सुरुवातच 'मार्टर्स'ने (2008) करू नकोस. तो आधी पाहून फ्रेंच हॉररला कायमचा रामराम ठोकलेले दोन मित्र आहेत माझे.

आधी 'इल' (2006) बघ. जेमतेम सव्वा तासाचा. रोमानियातलं एक मोठं घर, त्यात जोडपं, आणि बाहेर कुणीतरी. रक्त फारसं नाही, सगळी भीती आवाजातून येते, म्हणून हेडफोन लाव. मग दिग्दर्शक आलेक्सांद्र आजाचा 'ओत तांसिओं' (2003). त्याचा शेवट मला आजही पटत नाही, पण पहिल्या अर्ध्या तासात पाठ ताठ होते.

खरी मजा 'आ लँतेरिअर'मध्ये (2007). मजा म्हणजे काय ते तुला कळेलच! नाताळची आदली रात्र, दिवस भरलेली एकटी विधवा, आणि घरात शिरलेली एक बाई (अभिनेत्री बेआत्रिस दाल), हातात कात्री. बाहेर उपनगरांत दंगली पेटलेल्या. 2005 साली फ्रान्समध्ये खरोखर पेटल्या होत्या तशाच. या सिनेमांची ओढ मला इथेच वाटते: भूत नाही, शाप नाही, माणसंच. मार बसला की तो दुखतो, आणि मध्येच विनोद करून कुणी तुझी सुटका करत नाही.

डबिंग टाळ, सबटायटल्स लाव. जेवताना बघू नकोस, हे गंमतीत सांगत नाहीये.

'मार्टर्स'ला फ्रान्समध्ये आधी 18 वर्षांची अट लागली होती, निषेध झाल्यावर ती 16 वर आली. आधीचे तिन्ही पचले की तिकडे वळ. मधे नको वाटलं तर सरळ बंद कर.