नळीत रेघा दिसतात, रायफल घेऊ की नको?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. रोही अन रानडुकरांपायी पीकसंरक्षणाचं लायसन्स काढलं, दुकानात .315 ची नवीन रायफल पाहून ठेवली. पुतण्यानं मोबाईलला लावायचा तो वायरवाला कॅमेरा नळीत घातला तं आत आडव्या रेघाच रेघा. दुकानदार म्हणते नवीन मालात असतेच. घेऊ की नको?

उत्तर : भाऊ, त्या कॅमेऱ्यात चांगली नळीबी नांगरलेल्या वावरासारखी दिसते, तेवढ्यानं घाबरू नका. .315 म्हणजे साधारण 8 मिलिमीटरचं भोक, त्यात एवढुशी रेघ स्क्रीनभर होऊन दिसते. पण दुकानदाराच्या शब्दावरबी जाऊ नका.

आधी रायफल रिकामी आहे का ते स्वतः पाहा, मॅगझीनबी अन चेंबरबी (काडतूस बसते ती जागा), मग बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, काढा. नवीन मालात तेल-ग्रीस भरलेलं असते, ते दुकानदाराकडून चिंधीनं पुसून घ्या, नाहीतर तेलाच्या चमकेत काहीच कळत नाही. आता नळीचं तोंड उजेडाकडं, खाली पांढरा कागद, अन मागून डोळ्यानं पाहा. आत सावलीच्या गोल कड्या दिसतात, बांगड्या एकात एक ठेवल्यासारख्या. सगळ्यांचा मध्य एकच असला तं नळी सरळ, कड्या एका अंगाला सरकल्या तं वाकलेली. मधातच एक जाड काळी कडी दिसली तं तिथं नळी फुगली आहे समजा, आत माती नाहीतर चिंधी अडकली असताना बार काढला की असं होते, म्हणून नव्या मालात अशी कडी दिसली तं मी दुकानातच हात जोडतो.

आता तुमच्या रेघा. गोळीला फिरकी द्यायला नळीत पिळाच्या खाचा असतात, अन दोन खाचांच्या मधात उंचवटे. खाचांमधल्या लांब, नळीच्या दिशेनं गेलेल्या बारीक रेघा हत्याराच्या असतात, त्यानं काही बिघडत नाही. आडव्या अन उंचवट्यांवर चढलेल्या असल्या तं हत्यार थरथरलं होतं, तिथं गोळीचं तांबं साचते अन साफ करताना जीव जाते. एक-दोन फिक्या असल्या तं मी घेतो, ओळीनं नळीभर असल्या तं नाही. एक घट्ट चिंधी रॉडवर हळू सरकवली की हाताला कळते, सारखी ओढ लागली पाहिजे, मधात अचानक ढिली पडली तं तिथं भोक मोठं आहे.

बहुतेक लोक तोंड पाहायचंच विसरतात, अन गोळी शेवटी तिथूनच सुटते. घरचा कापूस न्या, तुमच्याकडं कमी थोडाच आहे! त्याचा छोटासा बोळा घेऊन तोंडाच्या आतल्या कडेवरून आतून बाहेर ओढा, चहूबाजूनं. तंतू एकाच जागी अडकला तं तिथं धातूची खरखरीत कोर राहिली आहे, गोळी तिकडंच भटकते. पुतण्याला कानस घेऊ देऊ नका बरं, ते काम लायसन्सवाल्या कारागिराचं.

बनवणाऱ्याचं नाव अन नंबर नळीवर नीट उमटलेला आहे का पाहा, 1959 च्या शस्त्र कायद्यात ते लागतेच, अन घेताना लायसन्सवर चढवलेल्या नंबराशी जुळवा. अन रोही, डुक्कर मारायचं म्हटलं तं वनखात्याची परवानगी वेगळी, लायसन्समध्ये ती येत नाही.