सासूबाई पपईचं विचारतील तेव्हा

प्रिय मुली,

आरोग्य उपकेंद्रावर रुजू झालीस, बरं वाटलं. पहिल्याच तपासणीच्या दिवशी तुला विचारतील, गरोदरपणात पपई खावी का? गरोदर पोरगी गप्प बसेल. विचारेल तिची सासू, आणि तिचं उत्तर आधीच ठरलेलं असेल: पपईने गर्भ पडतो. "अंधश्रद्धा आहे हो" म्हणून मोकळी होऊ नकोस. कच्च्या आणि अर्धवट पिकलेल्या पपईत चीक असतो. उंदरांच्या गर्भाशयावर केलेल्या प्रयोगात त्या चिकाने आकुंचन झालं, पिकलेल्या पपईच्या रसाने झालं नाही. म्हणजे सासूबाई निम्म्या बरोबर आहेत, आणि तसंच म्हण: "कच्ची नको, हे तुमचं खरं. पूर्ण पिकलेल्या चार फोडी चालतात." त्यांचा मान राहिला की पुढचं ऐकतात. तरीही घरात कुरबुर होणार असेल तर पपई सोडून दे. एका फळापायी पोरीला नऊ महिने टोमणे नकोत.

पपई गेली तर पेरू आहेच. संत्र्याच्या जवळपास चौपट क जीवनसत्त्व, आणि बहुतेक वाड्यावस्त्यांवर झाड असतंच. लोह अंगी लागायला हे जीवनसत्त्व मदत करतं. चहा आडवा येतो. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नको, पेरूची फोड किंवा आवळा खा, एवढं सांगितलंस तरी पुरे. आपण रोज एक अशा 180 लाल गोळ्या देतो, कार्डावर टिक करतो, आणि निम्म्या गोळ्या फळीवरच्या डब्यात पडून असतात. का घेत नाही, हे विचारलंस तर बाई आधी मळमळ सांगेल. विश्वास बसला की मग हळूच सांगेल, शौचाला खडा होतो. तिथे पेरू, पिकलं केळं, भिजवलेलं अंजीर आणि भरपूर पाणी खरं काम करतं. फळाचा सगळ्यात मोठा फायदा मला विचारशील तर हाच: गोळी चालू राहते. कॅल्शियमची गोळी मात्र वेगळ्या वेळी.

डाळिंबाची गोष्ट उलटी. लाल दाणे बघून घरच्यांना वाटतं, रक्त वाढतंय. 100 ग्रॅम दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमही नसतं. खाऊ दे आवडीने, पण एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) 8 इतकं कमी असताना घर डाळिंबाच्या भरवशावर बसलं असेल तर तिथे भीड ठेवू नकोस.

आता भीती कशाची बाळगायची ते सांगते, कारण याबद्दल तुला कुणी विचारणारच नाही. हातगाडीवरच्या कापलेल्या फोडी, रसवंतीतला बर्फ, एकाच बादलीत बुचकळलेले पेले. दूषित पाण्यातून ई प्रकारची कावीळ पसरते. इतरांना ती बहुधा काही आठवड्यांत सोडून जाते, पण शेवटच्या तिमाहीत झाली तर शंभरात वीस-पंचवीस बायकांपर्यंत दगावू शकतात. 1955-56 मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून काविळीची मोठी साथ आली होती, ती याच विषाणूची होती असं पुढे ठरलं. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ झालं की तुझ्या गावातही हीच धास्ती. फळ अख्खं आणावं, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं आणि लगेच खावं. साल काढायचं फळही आधी धुवायचं, नाहीतर सालीवरची माती सुरीबरोबर आत जाते. हात आणि विळीही धुतलेली हवी. द्राक्षांचा घड सुटा करून धुवायला सांग, देठाशी फवारणी आणि धूळ साठते. कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. तरी आंबा वरून पिवळाधमक आणि आत कच्चा निघाला तर खाऊ नये.

अननसाचं, केळ्याने सर्दी होण्याचं, ग्रहणात फळ न कापण्याचंही विचारतील. अननसाच्या दोन फोडींनी काही होत नाही, आंबट ढेकर आले तर थांबावं. बाकीच्या दोन्हींत भिण्यासारखं काही नाही.

एक मात्र लक्षात ठेव. गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीत ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्तातली साखर 140 किंवा वर आली, की घरचे सगळीच फळं बंद करतात. तसं होऊ देऊ नकोस. बंद करायचा तो रस. आंबा, चिकू, सीताफळ थोडं आणि कधीतरी. पेरू, जांभळं, पपई बेताने चालतात, जेवणावर नाही, मधल्या वेळेला. प्रमाण डॉक्टर ठरवतील. तिच्या दारात या दिवसांत काय पिकतंय, ते तू त्यांना सांग.

तुझी,
सिस्टर