नगरपरिषदेचं सांडपाणी केंद्र खरंच चालतंय का, हे सामान्य माणसाला कसं कळेल?

तुम्ही लिहिलंय की केंद्र होऊन तीन वर्षं झाली तरी घाटावर वासाने उभं राहवत नाही, आणि विचारलं की "चालू आहे" एवढंच उत्तर मिळतं. मी कृष्णाखोऱ्यातल्या एका लहान नगरपरिषदेच्या एसटीपीवर, म्हणजे अशाच सांडपाणी केंद्रावर, नऊ वर्षं ऑपरेटर आहे. "चालू आहे" यावर थांबू नका.

आधी पाणी तिथवर पोचतंय का ते बघा. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्यातलं ८० टक्के गटारात असं धरलं, तर ४० हजार वस्तीच्या गावातून रोज साधारण ४३ लाख लिटर सांडपाणी निघतं. भुयारी गटार अर्धवट असली की नाला अडवून ते पंपाने केंद्रात उचलतात. सकाळी आठच्या सुमारास, घरोघरी आंघोळी-धुणी चालू असताना, नाला नदीला मिळतो तिथे जा. पाऊस नसताना पाणी बांधावरून नदीत पडत असेल, तर पंप बंद आहे किंवा अपुरा पडतोय.

मग रीतसर अर्ज देऊन केंद्र बघा. एरेशन टाकीत खरं काम जिवाणू करतात, त्यांना हवा लागते. आम्ही रोज टाकीतलं पाणी लिटरभर काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतो. तपकिरी गाळ खाली बसला, वर नितळ पाणी आलं आणि ओल्या मातीसारखा वास असला की टाकी निरोगी. गाळ काळा आणि वास सडक्या अंड्याचा, तर ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, पुरेसा फिरत नाही.

एका पावसाळ्यात आमचा ट्रान्सफॉर्मर जळला. चार दिवस हवा नाही, टाकी मेली. शेजारच्या केंद्रातून टँकरने जिवंत गाळ आणून टाकला, तरी घडी बसायला तीन आठवडे लागले. आमच्या खाली नदीवर दोन गावांची जॅकवेल, म्हणजे पिण्याचं पाणी उचलायची विहीर, आहे. ते दिवस फार वाईट गेले. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची केवढी साथ आली होती, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

गाळ कुठे जातो, हेही विचारा. पाणी शुद्ध होतंय म्हणजे गाळ वाढणारच. वर्षभरात एकही ट्रॉली बाहेर पडली नसेल, तर तो पाण्याबरोबर नदीतच चाललाय.

माहिती अधिकारात तपासणी अहवाल मागाच. त्यात बीओडी बघा, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप: २०१७ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेत लहान शहरांना लिटरला ३० मिलिग्रॅमची मुभा होती, २०१९ मध्ये हरित लवादाने १० सांगितले. आंघोळीच्या नदीला मात्र ३ च चालतात. म्हणजे नियमात बसणारं पाणीसुद्धा उन्हाळ्यात, नदीला धार नसताना, जडच जातं. पण अहवालाआधी मागच्या बारा महिन्यांची वीजबिलं मागा. नमुना चांगल्या दिवशीचा घेता येतो. मीटर मात्र ब्लोअर फिरल्याशिवाय पळत नाही.

बिलं आणि ब्लोअरच्या मोटरचा एचपी मिळाला की मला कळवा. रोज किती तास हवा दिली जाते, याचा अंदाज काढून देतो.